टिपणीस सरांचं दुसरं लग्न

आमचा धंदा पेट्यांचा. पेटी म्हणजे वाजवायची, हार्मोनियम. पनवेलच्या लाइन आळीत वडिलांनी दुकान टाकलं, त्यांच्यामागे मी चालवतो. गिऱ्हाईक बेसूर झालेली पेटी आणून टेबलावर ठेवतं, सुरात करून द्या म्हणतं आणि गणपतीच्या आत मिळेल ना, एवढं विचारून जातं. इतक्या वर्षांत या रिवाजाला अपवाद एकच झाला. टिपणीस सरांनी सुरातली पेटी आणली, भाता हलवून सगळ्या पट्ट्या मला वाजवून दाखवल्या आणि म्हणाले, "ही बेसूर करून हवी आहे."

मी हबकलोच. न्हाव्याच्या खुर्चीत बसून कुणी डोकं वेडंवाकडं भादरून मागावं, तसला प्रकार. बरं, पेटी काही रद्दी नव्हती. त्यांच्या वडिलांची होती, जुन्या जर्मन सुरांची, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या जर्मनीहून आलेल्या. असे सूर हल्ली शोधून सापडत नाहीत. मी हात जोडून म्हटलं, सर, बेसूरच हवी तर शाळेतली एखादी आणून देतो, पोरांनी ते काम आधीच करून ठेवलंय. सर गंभीरपणे म्हणाले की तशी कुठेही बेसूर नको. एका बाईच्या गळ्याप्रमाणे बेसूर हवी.

ती बाई म्हणजे नेरे गावची गोदीबाय. टपाल नाक्याजवळ भाजीची पाटी घेऊन बसायची. सर तिच्याकडून तीन आठवडे रोज मेथी घेत होते, मेथीसाठी नव्हे, ती भाव सांगताना आवाज जिथे ठेवायची ती जागा ऐकण्यासाठी. ती जागा म्हणे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडते. घरी मेथीचा ढीग साचला तेव्हा त्यांच्या पत्नी शैलावहिनी स्वतः बाजारात जाऊन ही कोण मेथीवाली ते बघून आल्या.

मी त्यांना सर म्हणायचो ते दुसरं काय म्हणावं हे सुचेना म्हणून. त्यांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. जासईच्या एका कंटेनर यार्डात गेटवर ते सत्तावीस वर्षं कारकून होते. ट्रेलर आला की नोंद करायची, पास फाडून द्यायचा. निवृत्त होताना रद्दीत चाललेले जुन्या पासांचे गठ्ठे ते घरी घेऊन आले, कारण त्यांची मागची बाजू कोरी होती. त्यावर ते संगीत लिहीत. सारेगम नाही आणि इंग्रजी पद्धतीच्या पाच रेघाही नाहीत. नुसते ठिपके, रेघोट्या, मधेच एखादा गरगरीत गोळा. एकदा मी एक पास पाच मिनिटं निरखत होतो आणि मग कळलं की तो उलटा धरलाय. सर म्हणाले, "असू द्या. तसंही बरं वाजेल."

हे असलं काही परदेशात खरोखर वाजवलं जातं, हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या नावाचं, जर्मनीचं तिकीट लावलेलं एक जाड पाकीट चुकून माझ्या दुकानात आलं. आत गुळगुळीत कागदावर सरांचा फोटो, खाली अगम्य भाषेत मजकूर आणि सोळा वादकांची नावं. मी हादरलो. रोज माझ्या स्टुलावर बसून चहात खारी बुडवणारा हा माणूस जर्मनीत छापून येतो! मी विचारलं, यात राग कुठला आहे? ते म्हणाले, राग नाही, सोळा जण आहेत आणि प्रत्येक जण कुणाची तरी वाट बघतोय. मी विचारलं, मग शेवटी येतं का कुणी? सरांनी बराच विचार केला आणि म्हणाले की ते अजून त्यांना कळलेलं नाही.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पहिली ही, की ते कुठल्याही आवाजाला आवाज म्हणत नसत. शटर करकरलं, कुकरची शिट्टी अर्ध्यात बसली, रिक्षाने गचका खाल्ला, की मान वळवून विचारायचे, "कोण बोललं?" भर उरण नाक्यावर रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या ट्रकपाशी असेच उभे राहायचे. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, सर त्या शिव्याही नीट ऐकून घ्यायचे. खिशात कायम पासांच्या उभ्या कापलेल्या पट्ट्या आणि बोटभर पेन्सिल. काही आवडलं की हात आपोआप खिशात जाई आणि पट्टीवर दोन ठिपके पडत. रेकॉर्डिंग करायला मात्र त्यांचा ठाम नकार. यंत्र ऐकायला लागलं की माणूस सुट्टी घेतो, असं म्हणायचे.

पनवेलात त्यांचा एकच कार्यक्रम झाला. एका शाळेच्या सभागृहात, मुंबईहून आलेली चार व्हायोलिनं आणि मधोमध जाड पत्र्याचा दरवाजा, कंटेनरचा, खरा. साठेक लोक आले होते. पहिली दहा मिनिटं व्हायोलिनवाल्यांनी एकच सूर धरून ठेवला आणि मग एकाने दरवाज्याची कडी हळूच सरकवली. माझ्या शेजारच्या भजनी बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती कडी मीच सरकवली. लोक उठायला लागले. एक एक करून शेवटी आम्ही नऊ जण उरलो. मला इतकं वाईट वाटलं की सरांच्या नजरेला नजर देववेना. कार्यक्रम संपल्यावर धीर करून जवळ गेलो तर हा माणूस खुशीत, हातातली पट्टी ठिपक्यांनी भरलेली. लोखंडी खुर्च्या फरशीवरून एकामागून एक सरकत होत्या ते त्यांनी टिपून घेतलं होतं. मला म्हणाले, "पेटीवाले, काय सुंदर गेले हो लोक."

वहिनी त्या कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. त्या त्यांच्या कुठल्याच कार्यक्रमाला जात नसत. तुम्हाला गाण्याची आवड नाही वाटतं, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मला गाणं आवडतं. त्यांचं आवडत नाही." सर तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली, जणू एखाद्या जाणत्या टीकाकाराने योग्य तेच लिहिलं आहे.

तर पेटी. मी नाही नाही म्हणत शेवटी ती उघडली. आठ दिवस गोदीबाय भाजी संपवून दुपारी दुकानात यायची, स्टुलावर पाय वर घेऊन बसायची आणि आवणीची म्हणजे भातलावणीची, दळणाची गाणी म्हणायची. सर एकेका जागी तिला थांबवायचे आणि मला त्या सुरापर्यंत पेटी न्यायला सांगायचे. पितळी पट्टीवर बारीक जीभ असते. तिचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. वडिलांनी मला पहिलं हेच शिकवलं होतं, की कानस लावण्याआधी तीनदा ऐक. मी तीनदा ऐकायचो, मनातल्या मनात वडिलांची माफी मागायचो आणि चांगला सूर घासून बिघडवायचो. आठव्या दिवशी गोदीबायने त्या पेटीबरोबर एक गाणं म्हटलं. सरांनी पट्ट्या नुसत्या धरून ठेवल्या होत्या. ती पेटी तिच्या आवाजाला अशी चिकटली की माझ्या अंगावर काटा आला, आणि अंगावर काटा आला म्हणून मला राग आला. उभा जन्म मी ज्याला चूक म्हणत होतो ते बरोबर निघालं, तर माणसाने रागवायचं नाही तर काय करायचं?

पण सरांना हवं होतं ते हे नव्हे. गोदीबाय धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात पूर्वी सगळं धवलारीणच करायची. हळदीपासून लग्न लागेपर्यंत एकेक विधी ती गाऊन पार पाडायची, त्या गाण्याला धवला म्हणतात. आधी गावदेवीला बोलवायचं, मग बाकीच्या देवांना, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ते सगळे मांडवात आले की लग्न. हल्ली तिला बोलवायचे ते दहा मिनिटांपुरतं. व्हिडिओवाल्याचं काम झालं की डीजे सुरू. पुरता धवला तिने किती तरी वर्षांत म्हटला नव्हता आणि तो पुरता येणारी तिच्यामागे कुणी नव्हती. सरांना तो एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून उतरवायचा होता. जर्मनीवाल्यांना नवी रचना द्यायची होती आणि ती यावरच उभी राहणार होती.

गोदीबायने साफ नकार दिला. दुकानात मी समोरच होतो. तिने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "लगीन नाय, नवरी नाय, नि धवला कसा गाऊ, सायब? देव काय रिकामे हायत? आले तर त्यांना काय सांगू, गाना आयकायला बोलवलंय?"

मग तीच जरा वेळाने, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली की देवांचं काही नाही, त्यांना बोलवणारे पुष्कळ. पण गेलेली माणसं धवल्याशिवाय येत नाहीत. तिच्या सासूला, नवऱ्याला तिनेच प्रत्येक लग्नात बोलवून आणलं होतं. "मी गेल्यावर माजे नातीचे लगनाला मना कोन बोलवल?" असं म्हणून तिने रिकामी पाटी उचलली आणि निघून गेली. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशात गेला नव्हता.

पंधरा दिवसांनी सर आले आणि स्टुलावर न बसता म्हणाले की तारीख ठरली, मी यायचं. कसली तारीख? तर लग्नाची. कुणाचं लग्न? तर त्यांचं. सत्तरीला आलेला माणूस, घरात लक्ष्मीसारखी बायको, आणि हे काय थेर? नवरी कोण, हे विचारायला माझी जीभ रेटेना. शेवटी तेच म्हणाले, "शैलाच. दुसरी कोण करणार माझ्याशी?"

पुढचं वहिनींकडून कळलं. त्यांची अट एकच होती. पहिल्या वेळी माझ्या वडिलांना विचारलं होतंत, या वेळी मला विचारा, असं त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवून रीतसर विचारलं. वहिनींनी एक दिवस ताटकळत ठेवून हो म्हटलं. गोदीबायला हे सांगितलं तेव्हा तिने नवरी राजी आहे का एवढंच विचारलं, आणि राजी आहे म्हटल्यावर, तर मग लगीनच की ते, असं म्हणून मांडवाला काय काय लागेल ते सांगितलं. कळंबोलीत रोडपालीला सरांची सोसायटी. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंगमध्ये मांडव कशाला म्हणून विचारलं. बी विंगमधल्या टिपणीसबाईंचं लग्न आहे म्हटल्यावर तो दचकला, आणि ते त्यांच्या नवऱ्याशीच आहे हे कळल्यावर त्याने दुसऱ्यांदा दचकून परवानगी देऊन टाकली.

लग्न सकाळी होतं. खांबांना आंब्याचे डहाळे, जमिनीवर तांदळाच्या पिठाचा चौक, पाटावर सर आणि वहिनी, दोघांच्या कपाळाला हळद. गोदीबायने फोन चालणार नाहीत असं बजावलं होतं. देव येताना फोटू नाय. सेक्रेटरी प्लॅस्टिकचा टब घेऊन सगळ्यांचे फोन गोळा करत फिरला. सोसायटीतली माणसं सुरुवातीला हसत होती, कोपरखळ्या मारत होती. मीही मनातून धास्तावलो होतो, की हे सगळं म्हणजे सरांचा आणखी एक कार्यक्रम निघायचा आणि खुर्च्या सरकायला लागायच्या.

तसं काही झालं नाही. गोदीबायने पहिली ओळ उचलली आणि हसणं थांबलं. ती घाई करत नव्हती. गावदेवीला नेऱ्याहून निघायला लागेल तेवढा वेळ तिने दिला. मी पेटीवाला, मला सूर मोजायची खोड. त्या दिवशी किती वेळाने मोजायचं थांबवलं ते सांगता येणार नाही. सरांचा उजवा हात खिशाशी होता आणि खिशातून पट्टीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं.

मग ती थांबली आणि म्हणाली की आता घरातली गेलेली नावं सांगा. सरांनी वडिलांचं सांगितलं, आईचं, एका काकांचं. तिने तिघांनाही गाऊन बोलावलं. "आजून?" तिने विचारलं. सर म्हणाले, झाली सगळी. तेव्हा वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "मुक्ता." आणि मग, "चार वर्षांची होती."

मला काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या घरी जाऊन कधी भिंतीवर फोटो पाहिला नाही, कधी शब्द ऐकला नाही. गोदीबायने मात्र काही विचारलं नाही. हाताशी धरून न्यावं तसा तिने सूर खाली आणला आणि म्हटलं, "मुक्ताबाय, ये गो, आईबापाचे लगनाला ये." तीनदा म्हटलं. वहिनी रडत होत्या. सर रडत नव्हते, ते नुसते मांडवाच्या दाराकडे बघत होते. त्यांचा हात खिशातून बाहेर आला तो रिकामा आला, आणि त्यांनी तो वहिनींच्या हातावर ठेवला. त्यानंतर धवला दीड तास चालला. तो हात तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले तेव्हा मी अधीर होऊन विचारलं, किती टिपलंत? काही नाही, म्हणाले. म्हणजे मुक्तानंतरचं राहिलं का, तर त्याआधीचंही नाही, पट्टी कोरीच होती. माझं डोकं फिरलं. ज्या एका गोष्टीसाठी वडिलांची पेटी बिघडवली, म्हातारपणी बोहल्यावर चढलात, ती समोर तीन तास होती आणि तुम्ही एक ठिपका काढला नाहीत? ती बाई आता किती दिवसांची सोबती आहे? मी त्यांच्याशी इतक्या चढ्या आवाजात कधीच बोललो नव्हतो.

सरांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तिथे ऐकायला नव्हतो बसलो, पेटीवाले. माझं लग्न होतं." जर्मनीवाल्यांना त्यांनी रचना होणार नाही असं कळवून टाकलं. पुढे त्यांनी काही लिहिल्याचं मला माहीत नाही. दुकानात येत, खारी खात, कोण बोललं म्हणून विचारत, पण पेन्सिल निघत नसे.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी भात कापणीच्या सुमारास गोदीबाय गेली. मी नेऱ्याला जाऊन आलो. येताना सबंध रस्ता एकच गोष्ट मनाला खात होती, की माझ्या ओळखीत हे वाचवू शकणारा एकच माणूस होता आणि तो ऐन वेळी नवरदेव होऊन बसला.

मी सरांना शेवटचं पाहिलं तेही नेऱ्यालाच. नंतर दोन महिन्यांनी ते झोपेतच गेले आणि मी गावाला असल्यामुळे मला शेवटचं दर्शनही झालं नाही. म्हणून माझ्यापुरती शेवटची भेट ती, गोदीबायच्या नातीच्या लग्नातली. गोदीबायच्या मुलाने आग्रहाने बोलावलं होतं. मांडव मोठा, बाहेर डीजेच्या पेट्या रचून ठेवलेल्या. मी आत शिरलो आणि तिथेच उभा राहिलो. चौकाशेजारी धवलारिणीच्या जागेवर नऊवारी नेसून शैलावहिनी बसल्या होत्या आणि गात होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या गोदीबायच्या मुलाने मला सांगितलं ते असं. लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी टिपणीसबाई त्याच्या आईकडे आली आणि म्हणाली, मला शिकव. आई म्हणाली, शिकवता येत नाही, मागे बसावं लागतं. तर दोन वर्षं ही शहरातली बाई जिथे जिथे गोदीबायला दहा मिनिटांना बोलवलं तिथे तिथे जाऊन मागे बसली. मधल्या दिवसांत बांधावर बसली, तण काढताना बसली. गावातल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसायच्या. मग कुणी हसेनासं झालं.

हे ऐकता ऐकता मी गाणंही ऐकत होतो. वहिनींचा गळा काही गोड नव्हता. एका ओळीशी त्या अडखळल्या, तर गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी ती उचलून दिली आणि त्या पुढे गेल्या. पण सूर तेच, माझ्या पेटीच्या फटीतले. सर त्यांच्या मागे सतरंजीवर मांडी घालून बसले होते, हातात पाण्याचा तांब्या. वहिनी थांबल्या की ते भांड्यात पाणी ओतून पुढे करत. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि गप्प बसा अशी खूण केली, मी काही बोलत नसतानाही.

वहिनींनी गेलेली नावं विचारली. मुलाने आज्याचं सांगितलं, बापाचं सांगितलं आणि मग त्याला पुढचं नाव उच्चारता येईना. वहिनींनी त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी सूर खाली आणला आणि म्हणाल्या, "गोदीबाय, ये गो, नातीचे लगनाला ये."

पाटावरच्या नवरीने तोंड ओंजळीत लपवलं. मुलगा माझ्या शेजारी हात जोडून उभा होता. वहिनी दुसऱ्यांदा बोलवत होत्या तेव्हा मी सरांकडे पाहिलं. त्यांनी तांब्या उचलून पलीकडे ठेवला आणि सतरंजीवर थोडे बाजूला सरकले. त्यांच्याशेजारी एका माणसापुरती जागा झाली.